दोन सोबती आणि एक प्रवासी
व्हॉल्तेअरच्या ‘कांदीद’चा ऐतिहासिक विचार

उपहासात्मक कथेचा नायक बहुधा प्रवासाला निघतो, आणि सहसा तो एकटा निघत नाही. त्याच्या जोडीला स्वभावाने अगदी वेगळा असा कोणी सोबती दिलेला असतो. सर्व्हांटिसच्या ‘डॉन किहोटे’चे दोन भाग १६०५ व १६१५ साली प्रसिद्ध झाले आणि पुस्तकी स्वप्नात वावरणारा वृद्ध सरदार व भाकरीचा विचार करणारा त्याचा सेवक सांचो ही जोडी युरोपीय वाङ्मयात अजरामर झाली. मराठी वाचकाला बडोद्यात दीर्घकाळ राहिलेल्या चिं. वि. जोशी यांचे भिडस्त चिमणराव आणि बेधडक गुंड्याभाऊ या संदर्भात सहज आठवतील.

अशा जोडीचे पहिले काम हसविण्याचे असते. दुसरे काम त्याहून गंभीर आहे. जगाविषयी नायकाची जी मते बनतात, मोडतात आणि पुन्हा बनतात, ती या सोबत्यांशी झालेल्या संवादातून बनतात. लेखकाला स्वतः व्यासपीठावर उभे राहून काही सांगावयाचे नसते. तो दोन सोबती उभे करतो, त्यांच्यामधून नायकाला चालवतो आणि निर्णय वाचकावर सोपवितो.

या पद्धतीचे सर्वांत लक्षणीय उदाहरण म्हणजे व्हॉल्तेअरची १७५९ साली प्रसिद्ध झालेली ‘कांदीद’ ही छोटी कादंबरी. तिचा अभ्यास धर्मसेवकांनी का करावा, असा प्रश्न कोणी विचारील. ग्रंथकार चर्चचा मित्र नव्हता, आणि १७६२ साली रोमने या पुस्तकाची गणना निषिद्ध ग्रंथांत केली, हे खरेच आहे. परंतु या कथेतील दोन सोबती ज्या विषयावर आयुष्यभर वाद घालतात तो आपला विषय आहे. देव चांगला आहे आणि सर्वसमर्थ आहे, तर मग जगात दुःख का, हा तो विषय. दुःखिताच्या दारात उभे राहून या प्रश्नाला तोंड देण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला नाही, असा पाळक किंवा धर्मशिक्षक आम्हांला ठाऊक नाही.

१. वादाची पूर्वपीठिका

कथेतील दोन्ही सोबती लेखकाच्या कल्पनेतून एकाएकी जन्मलेले नाहीत. प्रत्येकाच्या मागे त्या काळातील एक विचारपरंपरा उभी आहे.

फ्रान्समधून परागंदा होऊन हॉलंडमध्ये आश्रय घेतलेले प्रॉटेस्टंट विद्वान पिएर बेल यांनी १६९७ साली आपला ऐतिहासिक व चिकित्सक कोश प्रसिद्ध केला. त्यातील मानी पंथावरील लेखाने मोठी खळबळ उडाली. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकात इराणात होऊन गेलेल्या मानीची शिकवण अशी की, जगात प्रकाश आणि अंधार अशी दोन स्वतंत्र तत्त्वे झगडत आहेत. संत ऑगस्टीन तरुणपणी सुमारे नऊ वर्षे या पंथाचे श्रोते होते आणि पुढे त्यांनीच त्याचे खंडन केले. बेल यांचे म्हणणे असे की, केवळ तर्काच्या बळावर वाद घातला तर जगातील दुष्टाईचा उलगडा मानीच्या अनुयायाला ख्रिस्ती तत्त्वज्ञापेक्षा सोपा जातो. म्हणून या बाबतीत तर्क सोडून विश्वासाचाच आधार घ्यावा.

या म्हणण्याला उत्तर देणे हा लाइब्निट्स यांच्या १७१० सालच्या ‘थिओडिसी’ या ग्रंथाचा एक प्रमुख हेतू होता. त्यांनी असे मांडले की, ईश्वराच्या बुद्धीपुढे अगणित संभाव्य जगे होती. ईश्वर ज्ञानी आणि चांगला असल्यामुळे त्याने त्यांपैकी सर्वोत्तम जग निर्माण केले. त्यातील दुःखे या सर्वोत्तम रचनेपासून वेगळी काढता येत नाहीत. पुढे इंग्रज कवी पोप यांनी १७३३–३४ मध्ये साधारण याच दिशेचा विचार पद्यात मांडला आणि तो युरोपभर पसरला. १७३७ साली फ्रान्समधील येशूसंघीयांच्या एका नियतकालिकात लाइब्निट्स यांच्या मताला ‘सर्वोत्तमवाद’ अशा अर्थाचे नाव मिळाले. आज आपण ज्याला आशावाद म्हणतो त्याचे युरोपीय नाव मूळचे या वादातले आहे.

मत विद्वानांच्या ग्रंथातून बाहेर पडले की ते पातळ होते. लाइब्निट्स यांनी दुःख खोटे आहे असे कोठेही म्हटले नव्हते. संपूर्ण विश्वाचा हिशेब माणसाला दिसत नाही, एवढेच त्यांचे सांगणे होते. दिवाणखान्यांत मात्र त्याचा अर्थ ‘जे होते ते बरेच होते’ असा होऊ लागला. व्हॉल्तेअर यांचा बाण मुख्यतः या पातळ झालेल्या मतावर आहे. तो लाइब्निट्स यांच्यावर जसाच्या तसा लागू करणे न्यायाचे होणार नाही.

२. लिस्बनचा भूकंप

शनिवार, १ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांच्या सणाची सकाळ होती आणि लिस्बनमधील मंदिरे उपासकांनी भरली होती. साडेनऊच्या सुमारास धरणीकंप झाला. त्यानंतर समुद्राच्या लाटा नदीमुखातून शहरात शिरल्या आणि पुढे कित्येक दिवस आग धुमसत राहिली. मृतांचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण ते सर्व दहा हजारांच्या पटीत मोजावे लागतात. नदीकाठचा राजवाडा आणि पूर्वेकडील व्यापाराचा कारभार पाहणारे ‘कासा दा इंडिया’ हे कार्यालयही नष्ट झाले. गोव्याचा कारभार ज्या राजधानीतून चाले तीच ही राजधानी असल्याने आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाची किती तरी कागदपत्रे त्या दिवशी गेली.

या घटनेचा अर्थ काय लावावा, यावर युरोपात वाद पेटला. व्हॉल्तेअर यांनी १७५६ साली या आपत्तीवर एक दीर्घ कविता प्रसिद्ध केली आणि सर्वोत्तमवाद्यांना जाब विचारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रूसो यांनी त्यांना पत्र लिहून दैवी योजनेची बाजू घेतली. माणसांनी उंच घरांची दाटी केली नसती तर हानी कमी झाली असती, असा मुद्दाही त्यांनी त्यात मांडला. लिस्बनमध्ये येशूसंघीय धर्मगुरू मालाग्रिदा यांनी एक पत्रक काढून सांगितले की, भूकंप हे नैसर्गिक कारणांचे फळ नसून लोकांच्या पापांबद्दल देवाने दिलेली शिक्षा आहे. पुढे पोंबालचे मार्क्विस म्हणून प्रसिद्धीस आलेले मंत्री तेव्हा शहर पुन्हा उभारण्याच्या खटपटीत होते. त्यांनी मालाग्रिदांना राजधानीबाहेर घालविले. नंतर राजकारणाचे चक्र फिरले. १७५९ साली येशूसंघीय पोर्तुगालच्या सर्व मुलखातून, गोव्यातूनसुद्धा, हद्दपार झाले. १७६१ साली वृद्ध मालाग्रिदांना धर्मन्यायालयामार्फत देहदंड झाला.

त्या काळातील आणखी एक गोष्ट धर्मसेवकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १७५६ साली राज्यातील सर्व धर्मग्रामांच्या पाळकांकडे एक प्रश्नावली गेली. कंप किती वेळ टिकला, माणसे किती दगावली, समुद्राचे पाणी कसे हलले, झरे व विहिरी यांत काय फरक पडला, असे प्रश्न तीत होते. खेडोपाडीच्या पाळकांनी पाहिले तसे लिहून कळविले. त्या उत्तरांचा आधार आजही भूकंपशास्त्रज्ञ घेतात. तत्त्वज्ञ अर्थाविषयी भांडत असता या अनाम पाळकांनी आपल्या लोकांची आणि आपल्या विहिरींची खबर दिली.

३. पहिला सोबती : सर्व जाणणारा

व्हॉल्तेअर यांची कथा या पार्श्वभूमीवर उभी आहे. जर्मनीतील वेस्टफालिया प्रांतात एका बॅरनच्या गढीत कांदीद नावाचा सरळ मनाचा तरुण वाढतो. त्याचे शिक्षक पांग्लॉस त्याला शिकवितात की प्रत्येक कार्याला कारण आहे आणि प्रत्येक गोष्ट उत्तम हेतूसाठी आहे. नाक चष्मा ठेवण्यासाठी घडविले आहे, म्हणून आपल्याजवळ चष्मे आहेत, अशी त्यांची विचारसरणी. बॅरनच्या मुलीवर प्रेम केल्याबद्दल कांदीदला गढीतून हाकलून देतात. मग सैन्यातील फटके, लढाईतील कत्तल आणि परक्या मुलखातील उपासमार यांतून त्याचा प्रवास सुरू होतो. तरी गुरूचे शब्द त्याच्या ओठांवर असतात.

पांग्लॉसचे खरे रूप दोन प्रसंगांत दिसते. लिस्बनच्या बंदराजवळ वादळात सापडलेल्या जहाजावरून या दोघांचा उपकारकर्ता जाक समुद्रात पडतो. कांदीद त्याच्यामागे उडी टाकू पाहतो. पांग्लॉस त्याला अडवितो आणि सिद्ध करून दाखवितो की हे बंदर जाकने बुडावे याच हेतूने निर्माण झाले आहे. सिद्धान्त पुरा होईपर्यंत माणूस गेलेला असतो.

दुसरा प्रसंग भूकंपानंतरचा आहे. ढिगाऱ्याच्या दगडांनी जखमी झालेला कांदीद रस्त्यात पडला आहे. तो गुरूजवळ थोडा द्राक्षारस आणि तेल मागतो. पांग्लॉस उत्तर देतो की हा भूकंप काही नवा नाही, पेरू देशातील लिमा शहरालाही असाच धक्का बसला होता, तेव्हा लिमापासून लिस्बनपर्यंत जमिनीखाली गंधकाची शीर असलीच पाहिजे. शिष्य बेशुद्ध पडतो तेव्हा कोठे गुरू पाणी आणावयास जातो.

तेल आणि द्राक्षारस! पवित्र शास्त्राच्या वाचकाला या दोन वस्तू कोठल्या ते सांगावयास नको. यरीहोच्या वाटेवर अर्धमेल्या पडलेल्या माणसाच्या जखमांवर शोमरोन्याने याच ओतल्या. व्हॉल्तेअर यांचे शिक्षण पॅरिसमधील येशूसंघीयांच्या विद्यालयात झाले होते, त्यांना शुभवर्तमान चांगले परिचित होते. हे शब्द त्यांनी जखमी माणसाच्या तोंडी सहज घातले असतील असे आम्हांला वाटत नाही. त्यांच्या चित्रात याजक आणि लेवी वाट सोडून पलीकडून निघून जात नाहीत. ते जखमीजवळ थांबतात आणि व्याख्यान देतात.

भूकंप पुन्हा होऊ नये म्हणून कथेतील लिस्बनचे विद्वान धर्मन्यायालयाचा दंडविधी समारंभाने पार पाडतात. त्यात पांग्लॉसला फाशी देतात आणि कांदीदला तालावर फटके मारतात. त्याच दिवशी पुन्हा धरणी हादरते. या न्यायालयाची गोव्यातील शाखा १५६० पासून होती. मध्ये १७७४ ते १७७८ ही चार वर्षे सोडल्यास ती १८१२ पर्यंत चालली. तेथील कैदेतून सुटलेल्या देलाँ या फ्रेंच वैद्याचा वृत्तान्त १६८७ साली छापला गेला होता, त्यामुळे अशा समारंभांचे वर्णन फ्रेंच वाचकाला नवे नव्हते. हा उपहास केवळ विनोदासाठी केलेला नाही, हे गोव्यातील आमच्या वाचकांना अधिक खोलवर जाणवेल.

४. दुसरा सोबती : सर्व हरलेला

दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथे कांदीदला रस्त्यात एक गुलाम भेटतो. त्याचा उजवा हात आणि डावा पाय तोडलेला आहे. युरोपातील लोक साखर खातात ती या किमतीत, असे तो सांगतो. येथे कांदीद प्रथमच गुरूची शिकवण मोठ्याने टाकून देतो आणि रडतो. या घटनेपूर्वी त्याला स्वतःला कितीतरी दुःखे झाली होती. तरी त्याचे मत मोडले ते दुसऱ्याचे दुःख पाहून. ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते.

मग तो नवा सोबती निवडतो, आणि त्यासाठी अट घालतो की तो त्या प्रांतातील सर्वांत दुर्दैवी माणूस असावा. निवड होते ती मार्टिन या वृद्ध विद्वानाची. ॲमस्टरडॅमच्या ग्रंथविक्रेत्यांकडे दहा वर्षे राबलेला, पत्नीने लुबाडलेला, मुलाने मारलेला आणि मुलीने सोडलेला हा गृहस्थ स्वतःला मानीचा अनुयायी म्हणवितो. पांग्लॉसच्या मागे जसे लाइब्निट्स उभे आहेत, तसे मार्टिनच्या मागे बेल यांच्या कोशातील ते प्रसिद्ध पान आहे.

मार्टिन मूर्ख नाही. कांदीदला फसविणाऱ्या डच व्यापाऱ्याचे जहाज समुद्रात बुडते तेव्हा कांदीद म्हणतो की पाहा, दुष्टाला शिक्षा झाली. मार्टिन विचारतो की जहाजावरच्या इतर प्रवाशांनी काय केले होते? मालाग्रिदांच्या पत्रकाला याहून नेमका प्रश्न कोणी विचारला नसेल. व्हेनिसमध्ये सुखी दिसणारे एक जोडपे पाहून दोघे पैज लावतात, ती मार्टिन जिंकतो. कांदीद त्या जोडप्याला पैसे देतो, तेव्हा त्याने त्यांचे दुःख वाढेल असे भाकीत मार्टिन करतो आणि तेही खरे ठरते.

तरी एका बाबतीत तो साफ चुकतो. बॅरनच्या मुलीला सोडविण्यासाठी हिरे देऊन पाठविलेला सेवक काकांबो परत येणार नाही, असे तो ठासून सांगतो. काकांबो परत येतो. तो लुटला गेला आहे, स्वतः गुलाम झाला आहे, पण दिलेल्या शब्दाला जागला आहे. मार्टिनच्या हिशेबात या माणसासाठी जागा नव्हती.

येथे दोन्ही सोबत्यांचे साम्य उघड होते. एक म्हणतो सर्व उत्तम आहे, दुसरा म्हणतो सर्व वाईट आहे. दोघांचेही उत्तर समोरच्या माणसाकडे पाहण्यापूर्वी तयार असते. म्हणून नवे असे काहीच दोघांना दिसत नाही. पांग्लॉस तर अखेरीस कबूल करतो की आपण भयंकर सोसले, पण एकदा मत मांडले म्हणून ते मांडत राहिलो. आता त्यावर त्याचा स्वतःचाही विश्वास उरलेला नाही.

५. न बोलता शिकविणारे

या दोन वादपटूंच्या गडबडीत कथेतील आणखी दोन सोबत्यांकडे वाचकाचे दुर्लक्ष होते. हॉलंडमध्ये भुकेलेला कांदीद एका वक्त्याकडे जातो. हा वक्ता नुकताच तासभर दानधर्मावर बोललेला असतो. पोप ख्रिस्तविरोधी आहे हे तुला मान्य आहे का, असे तो प्रथम विचारतो. कांदीदला हवी असते भाकरी. ती त्याला मिळत नाही. हे सारे पाहणारा जाक हा पुनर्बाप्तिस्मावादी पंथाचा साधा माणूस. तो त्याला घरी नेतो, स्वच्छ करतो, जेवू घालतो, पैसे देतो आणि काम शिकवावयास तयार होतो. रोगजर्जर पांग्लॉसच्या औषधोपचाराचा खर्चही तोच करतो. जाकलाही मते आहेत. माणसे लांडगे म्हणून जन्मत नाहीत, ती तशी बनली आहेत, असे तो पांग्लॉसला बजावतो. मात्र त्याचा हात मतासाठी खोळंबत नाही. ज्या खलाशाने त्याला मारले त्यालाच समुद्रातून वर काढताना तो बुडतो. जाक हे याकोब या नावाचे फ्रेंच रूप. उपाशी बांधवाला केवळ शुभेच्छा देऊन वाटेस लावणाऱ्यांची याकोबाच्या पत्राने केलेली कानउघाडणी येथे आठवते. हा योगायोग असेलही, पण तो अर्थपूर्ण आहे.

काकांबोचे काम तसेच. तो युक्ती करतो, वाट शोधतो, होडी मिळवितो. विश्वाच्या रचनेविषयी तो फारसे बोलत नाही.

कांदीदचा दृष्टिकोन शेवटी कोणी घडविला? आमचे उत्तर असे की पांग्लॉस आणि मार्टिन यांनी त्याला प्रश्न दिला, तर जाक आणि काकांबो यांनी त्याला उत्तराची दिशा दाखविली. कथेच्या शेवटी ही सारी मंडळी कॉन्स्टँटिनोपलजवळ एका लहानशा शेतावर राहतात. शेजारचा म्हातारा शेतकरी आपल्या मुलांसह थोडी जमीन कसतो आणि दारी आलेल्यांना फळफळावळ देतो. त्याच्याकडून कांदीद धडा घेतो. पांग्लॉस पुन्हा कार्यकारणाची साखळी जुळवू लागतो, तेव्हा तो त्याचे म्हणणे नाकारीत नाही. फक्त बागेत काम आहे याची त्याला आठवण देतो. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की दोन्ही वादपटू त्या शेतावरच राहतात. त्यांना कोणी घालवून देत नाही. त्यांच्या शब्दांना मात्र आता पूर्वीचे वजन उरलेले नाही.

लेखकाने स्वतःही हा धडा काही प्रमाणात गिरविला. १७५८ च्या अखेरीस त्यांनी जिनीव्हाजवळील फेर्ने ही जागा विकत घेतली. तेथे दलदलीचे निःसारण करविले, घरे बांधली आणि पुढे घड्याळांचा उद्योग उभारला. गावातील मंदिरसुद्धा १७६१ साली त्यांनी नव्याने बांधविले.

६. धर्मसेवकाने काय घ्यावे

‘कांदीद’ आपल्याला पूर्ण पुरेल असे आम्ही म्हणत नाही. मार्टिन अखेरीस सुचवितो की विचार करू नये, काम करावे. ज्या मंडळीची प्रार्थना स्तोत्रसंहितेतील आक्रोशाने घडली आहे तिला ‘का?’ हा प्रश्न टाकून देता येणार नाही. व्हॉल्तेअर यांच्या बागेत वधस्तंभाला जागा नाही, आणि आपल्याला दुःखाचा विचार त्यावाचून करता येत नाही.

परंतु त्यांच्या उपहासाचा अर्धा भाग पवित्र शास्त्राच्या बाजूचा आहे. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते खरे मित्र होते. त्यांनी तोंड उघडले आणि कारणे सांगावयास सुरुवात केली, तेव्हा बिघाड झाला. अखेरीस परमेश्वराचा राग भडकला तो या कारणे सांगणाऱ्यांवर, आक्रोश करणाऱ्या ईयोबावर नव्हे. शिलोहातील बुरूज पडून अठरा माणसे मेली, त्यांचा दोष इतरांहून अधिक होता काय, या प्रश्नाला आपल्या प्रभूने दिलेले उत्तरही मालाग्रिदांच्या पत्रकाशी जुळणारे नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात धरणीकंप झाला. गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच सरली होती, लोक घरांत झोपले होते आणि दगडमातीच्या जाड भिंतींखाली हजारो दगावले. लिस्बनमध्ये मंदिरे भरलेली होती, येथे उत्सव नुकताच आटोपला होता. दोन्ही ठिकाणी धार्मिक दिवसाचा आणि मरणाचा संबंध जोडण्याचा मोह माणसाला होणे स्वाभाविक आहे. अशा मोहाच्या घडीला लोक आपल्यासारख्यांकडे पाहतात आणि अर्थ विचारतात.

त्या वेळी आपल्या मनात पांग्लॉसही बोलू लागेल आणि मार्टिनही. एक सांगेल की यात काही तरी चांगला हेतू असलाच पाहिजे. दुसरा सांगेल की काही करण्यात अर्थ नाही. दोघांनाही मनातून कायमचे घालविता येईल असे आम्हांला वाटत नाही. त्यांना थोडे थांबावयास सांगता येते. पुढे एखाद्या संध्याकाळी, जखमा बांधून झाल्यावर, ईयोबाचे पुस्तक उघडून मंडळीबरोबर बसता येईल आणि तो वादही करता येईल. ढिगाऱ्याखालचा माणूस काय मागतो आहे, ते मात्र आधी ऐकले पाहिजे. बहुधा तो थोडे तेल आणि थोडा द्राक्षारस मागत असतो.